आश्विनातली अंगणवाडी

आश्विनाच्या पहिल्या पंधरवड्यात मुलचेऱ्याच्या बांध्यांमध्ये हलक्या धानाला पिवळेपणा चढलेला असतो आणि जड धान अजून दुधावर असतं. धुऱ्यावर उभं राहिलं की एकाच नजरेत दोन्ही दिसतात. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना या दिवसांत शिकवायला काय आणावं, हा प्रश्न इथे पडायलाच नको. दुधावरची एक लोंबी खुडून चार वर्षांच्या पोराच्या हातात द्यावी. तो ती आधी गालावरून फिरवतो. खरखर लागली की हसतो, शेजारच्याच्या मानेवरून फिरवतो. मग नखाने एक दाणा दाबतो आणि पांढरा थेंब बाहेर येतो. आता त्याला दुसरी, पिकलेली लोंबी द्यावी. हा दाणा दाबला तर दबत नाही, नखांनी सोलावा लागतो, आत तांदूळ निघतो. दूध कुठे गेलं, हे विचारायला त्याला कोणी शिकवावं लागत नाही.

चाखण्याच्या बाबतीत मात्र सेविकेला थांबावं लागतं, आणि त्याची कारणं दोन आहेत. एक म्हणजे फवारणी. तुडतुड्यावर औषध मारलेल्या बांधीतली लोंबी मुलाच्या तोंडाजवळ जाता कामा नये. दुसरं कारण घरातलं. गोंड-माडिया घरांत नवाखाई झाल्याशिवाय, म्हणजे देवाला आणि पूर्वजांना नवं धान्य दाखवल्याशिवाय, नवं तोंडात घालत नाहीत. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा असतो. अंगणवाडीत ताईंनी हौसेने नव्या तांदळाचे चार दाणे खायला दिले आणि घरी आजीला ते कळलं, तर दुसऱ्या दिवशी पोर येत नाही. गावातली सेविका हे जाणून असते. प्रशिक्षणाच्या पुस्तकात ते छापलेलं नसतं.

मुलचेरा हा गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागातला लहान तालुका. चंद्रपूरपासून २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचा धान, साग आणि बांबूशी जुना संबंध. तालुक्यातली गावांची नावं नुसती वाचली तरी इतिहास कळतो. गोमणी आणि लगामच्या जोडीला सुंदरनगर आणि विवेकानंदपूर. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना १९६०च्या दशकात या भागात वसवलं गेलं. आज त्यांची तिसरी-चौथी पिढी अंगणवाडीत बसते. त्यांच्या आजूबाजूला गोंडी-माडिया बोलणारी गावं, दक्षिणेकडून आलेली तेलुगू, आणि या सगळ्यांत झाडीपट्टीची मराठी. सेविकेला सरकारी भाषा एक, मुलांच्या भाषा दोन किंवा तीन. ती हे सगळं हात, डोळे आणि अर्ध्या अर्ध्या शब्दांवर निभावून नेते.

आता शहरातल्या नर्सरीत ऑक्टोबरात भिंतीवर काय लागतं ते बघा. लाल-पिवळी, हाताच्या पंजासारखी पानं; केशरी भोपळा; गळ्यात मफलर गुंडाळलेली मुलं; पानांच्या ढिगात उड्या मारणारी खार. मोबाइलवरच्या बालगीतांत हेच, बाजारातल्या वर्कबुकांत हेच. पुण्या-मुंबईतून ते आता चंद्रपूर-गडचिरोलीच्या इंग्रजी शाळांपर्यंत आलं आहे. मुलांनी दूरदेशीचं झाड ओळखू नये असं मला म्हणायचं नाही. चित्रातली खार पाहून कोणाचं नुकसान होत नाही. पण ऑक्टोबर म्हणजे पानं गळण्याचा महिना, हे मुलचेऱ्याच्या पोराला शिकवणं म्हणजे त्याच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवणं आहे. त्याच्या दाराबाहेरचा साग या दिवसांत सुपाएवढ्या हिरव्या पानांनी भरलेला असतो. पावसाने धुतलेलं रान वर्षातलं सगळ्यांत दाट रान असतं. इथली पानगळ माघ-फाल्गुनात होते. तेव्हा सागाची वाळलेली पानं पायाखाली कडाकडा मोडतात, ओकंबोकं रान दूरवर आरपार दिसतं आणि पळस पेटतो. पानांचा ढीग करून त्यात लोळायचा खेळ खेळायचाच असेल, तर तो फेब्रुवारीत खेळावा. रानाचं वेळापत्रक इतकं सरळ असताना भिंतीवर कॅनडाचं पान चिकटवण्याचं कारण एवढंच की ते छापील मिळतं.

शरद इथे पिकण्याचा आणि फुलण्याचा ऋतू आहे. त्यातही गंमत अशी की चार भाषांच्या लोकांनी तो चार तऱ्हांनी साजरा करून ठेवला आहे, आणि त्या प्रत्येक तऱ्हेत लहान मुलांसाठी एक नीट बेतलेला धडा आहे. बालशिक्षणाचे तज्ज्ञ ज्याला क्रम लावणं, वर्गीकरण, बोटांचं नियंत्रण, ऐकण्याची एकाग्रता म्हणतात, ते सगळं त्यात येतं.

गोंड-माडियांची नवाखाई वर आलीच आहे. अहेरी-सिरोंचाच्या पट्ट्यातल्या तेलुगू घरांत दसऱ्याच्या आधी नऊ दिवस बतुकम्मा रचतात. ताटात पानं पसरायची आणि त्यावर फुलांचे थर चढवत न्यायचे. खालचा थर सगळ्यांत रुंद, वर वर निमुळता. तरवडाची पिवळी फुलं, कुरडूचे पांढरे-गुलाबी तुरे, झेंडू. कुरडू म्हणजे शेतात माजणारं तण. पण बतुकम्मात त्याला मानाची जागा. आता पाच वर्षांच्या मुलीला हा थर लावायला बसवा. एक पिवळा, एक पांढरा, परत पिवळा. मोठं वर्तुळ, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान. मोठी फुलं वर ठेवली की रचना कोसळते. ‘चूक आहे’ असं तिला कोणी सांगत नाही, तिला ते ताटातच दिसतं. मारिया माँटेसोरींच्या गुलाबी मनोऱ्यात हीच युक्ती आहे: मोठा ठोकळा खाली, लहान वर, आणि चूक साहित्यानेच दाखवायची. तो मनोरा विकत घ्यायला पैसे पडतात. कुरडू धुऱ्यावर फुकट उगवतो.

बंगाली वस्त्यांत दुर्गापूजा उरकली की पाच दिवसांनी पौर्णिमेला लक्ष्मीपूजा येते. अंगणात, उंबऱ्यावर अल्पना काढतात. तांदूळ भिजवून वाटायचा, पातळ करायचा, कापडाची चिंधी त्यात बुडवून मुठीत धरायची आणि बोटावरून ओघळणाऱ्या पांढऱ्या रेषेने चित्र काढायचं: लक्ष्मीची पावलं, धानाच्या लोंब्या, वेली. आजीच्या शेजारी बसून नातवंडं पावलांची बोटं काढतात. एकेका पावलाला पाच ठिपके द्यायचे. पाटीवर पाचाचा आकडा गिरवण्याआधी पाच म्हणजे किती, ते मुलाच्या बोटाला कळलेलं असतं. अंगणवाडीच्या ओट्यावर हे करायला एक वाटी तांदूळपीठ पुरतं. लाकडी फरशी आणि रंगीत खडूंची वाट पाहायचं काही कारण नाही.

त्याच पौर्णिमेला विदर्भातल्या मराठी घरांत भुलाबाई उठते. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून महिनाभर मातीच्या भुलाबाई-भुलोजींपुढे मुली रोज संध्याकाळी गाणी म्हणतात आणि शेवटी खाऊ ओळखायचा खेळ होतो. मुलांच्या खेळांची स्पर्धा लावली तर माझं मत या खेळाला. घरच्या बाईने झाकणाचा डबा आणायचा, मुलींनी तो हलवून बघायचा. खडखडतो की थपथपतो? गोड की तिखट? गोल की चपटं? तळलेलं की भाजलेलं? विचारत विचारत खाऊपर्यंत पोहोचायचं. अंगणवाडीत हा खेळ लावायचा, तर डब्यात एकदा शेंगदाणे, एकदा मुरमुरे, एकदा धान, एकदा सीताफळाच्या बिया घालाव्यात. मुरमुऱ्यांचा आवाज आणि धानाचा आवाज यांत फरक आहे, तो ओळखायला पोर श्वास रोखून ऐकतं. इतका वेळ गप्प बसलेली पंचवीस मुलं एरवी कुठल्या सेविकेने पाहिली असतील, असं वाटत नाही. शिवाय उत्तर द्यायला मराठी यावीच लागते असं नाही. माडिया बोलणारं मूल आपल्या शब्दाने उत्तर देतं, बंगाली मूल आपल्या, आणि झाकण उघडल्यावर सगळे एकाच शेंगदाण्याकडे बघतात.

या सणांच्या मागेपुढे तान्हा पोळा आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं चाकांचे लाकडी नंदी सजवून ओढत नेतात, हे विदर्भाबाहेरच्या वाचकांना सांगावं लागतं. दिवाळीत गोवाऱ्यांची ढाल निघते, गाई सजतात. दिवाळी झाली की झाडीपट्टीत दंडारीची लोकनाट्यं आणि मंडईच्या जत्रा, मग वडसा परिसरातून नाटकं निघतात ती होळीपर्यंत. आठवडाभर मंडपाभोवती घुटमळलेलं पोर अंगणवाडीत आल्यावर काय करतं? टॉवेल खांद्यावर टाकून राजा होतं. बाहुलीघराचं साहित्य आलं नाही म्हणून नाट्यखेळ घेता आला नाही, असं कुठल्या नोंदवहीत लिहिलं असेल, तर त्या गावात त्या आठवड्यात दंडार झाली होती का, एवढंच तपासावं.

यातली एकही गोष्ट नवी नाही, आणि मराठीत तर नाहीच. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरच्या दक्षिणामूर्तीत काम करत होत्या, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, पुढे दादरला शिशुविहार चालला. शहरातल्या मध्यमवर्गीय मुलांसाठी माँटेसोरीचं साहित्य ठीक होतं. पण १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झालं आणि ते पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलं, तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघ यांच्यापुढे वारल्यांची मुलं होती. ती बालवाडीत येईनात. मग बालवाडीच त्यांच्या पाड्यावर, त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांमागे शिक्षक कुरणात गेला आणि कुरणशाळा झाली. महागड्या पेट्यांच्या जागी शंख-शिंपले, खडे, काड्या, पानं, बिया आल्या. खुद्द माँटेसोरीबाई १९३९ पासून युद्धाच्या वर्षांत भारतात मुक्कामाला होत्या. त्यांच्या पद्धतीचा गाभा ठेवून पेटी फेकून देण्याचं धाडस मात्र डहाणूच्या जंगलपट्टीत दोन मराठी बायकांनी केलं. देशभर २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्राला नाव मिळालं ते अंगणवाडी. कोसबाडच्या अंगणातली कल्पना सरकारी फाइलीत गेली. फाइलीत गेल्यावर अंगण थोडं मागे पडलं, पोषण आणि नोंदी पुढे आल्या.

बंगाली मुलांच्या घरी तर याहून जुना दाखला आहे. रवींद्रनाथांनी १९०८ मध्ये शांतिनिकेतनच्या मुलांना करता यावं म्हणून ‘शारदोत्सव’ हे नाटक लिहिलं. शरदातली सुट्टी लागली आहे, मुलं बाहेर हुंदडताहेत आणि उपनंद नावाचा मुलगा आपल्या गुरूचं कर्ज फेडायला पोथी उतरवत बसला आहे. संन्याशाच्या वेषातला राजा त्याच्या शेजारी बसतो आणि लिहू लागतो. मुलचेऱ्यातही शरदात काही मुलं खेळतात आणि काही कडपे उचलायला जातात, हे आठवून मला ते नाटक इथे बसवावंसं वाटतं. पण ते मोठ्या मुलांचं. धाकट्यांसाठी त्याच रवींद्रनाथांचं ‘सहज पाठ’ आहे, १९३०चं, नंदलाल बोसांच्या चित्रांसह.

सरकारी कागदावर आज वातावरण अनुकूल आहे. राज्याचा ‘आकार’ हा अभ्यासक्रम अंगणवाडीसाठीच तयार झाला. ऑक्टोबर २०२२ मध्ये पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, त्यात खेळ आणि मातृभाषा दोन्ही आहेत. मे २०२३ मध्ये अंगणवाड्यांसाठी ‘पोषण भी पढाई भी’ या कार्यक्रमाची घोषणा झाली. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने तर २०१९ मध्ये स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा काढली. धोरणाला मी दोष देणार नाही. अडतं ते सकाळी नऊ वाजता.

सकाळी नऊला काय होतं ते बघू. कापणी सुरू झालेली असते, आया आठच्या आत बांधीत गेलेल्या असतात. अंगणवाडीत तीन वर्षांच्या पोराबरोबर दीड वर्षाचं भावंडही येऊन पडतं, कारण घरी कोणी नाही. मदतनीस चुलीशी गुंतलेली. सेविकेने आज वजनं घ्यायची आहेत, ती पोषण ट्रॅकरवर भरायची आहेत, आणि मोबाइलला रेंज शाळेमागच्या टेकाडावर मिळते. अमृत आहार योजनेतली अंडी वाटायची आहेत. लसीकरणाचा दिवस गाठायचा आहे. गरोदर बायकांच्या घरी जायचं आहे. उरलेल्या वेळात बतुकम्मा. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरातल्या सेविका मानधनासाठी आणि इतर मागण्यांसाठी संपावर गेल्या, तेव्हा त्या ‘फक्त खिचडी वाटतात’ असं म्हणणारे शहरात पुष्कळ भेटले. त्यांनी ही सकाळ एकदा उभ्याने काढावी.

म्हणून मला वाटतं, शरदाचे खेळ सेविकेवर आणखी एक रकाना म्हणून लादले तर ते मरतील. ते तिच्याच कामात मिसळले तर जगतील. उदाहरण द्यायचं तर धानाचंच देतो. जूनमध्ये पेरणीआधी इथला शेतकरी बियाणं तीन टक्के मिठाच्या पाण्यात घालतो. दहा लिटर पाण्याला तीनशे ग्रॅम मीठ. भरीव दाणा तळाशी बसतो, पोचट वर तरंगतो. पोचट काढून टाकायचा, भरीव दोनदा-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवायचा. हाच प्रयोग आश्विनात अंगणवाडीच्या बादलीत होतो. मूठभर नवं धान टाकलं, हात फिरवला, थांबलं. काही वर, काही खाली. मुलं वरचे दाणे गोळा करतात, फोडतात, आत काही नाही. खालचे फोडतात, आत तांदूळ. वीस मिनिटांत तरंगणं-बुडणं, भरीव-पोचट, जास्त-कमी सगळं झालं, हात धुणंही झालं. त्याच हातांनी जेवायला बसायचं. बाप जे काम जूनमध्ये करतो ते आपल्याला येतं, हे संध्याकाळी घरी सांगितलं जातं, आणि दुसऱ्या दिवशी बाप स्वतः पोराला सोडायला येतो तो थोडा वेळ दाराशी रेंगाळतो.

पालकांचा प्रश्न मात्र बादलीने सुटत नाही. बांधीत राबणाऱ्या बापाला पोर बांधीतच राहावं असं वाटत नसतं. त्याला ‘ए फॉर ॲपल’ ऐकायचं असतं, आणि सफरचंद कधी बघितलं नसलं तरी चालतं. त्याच्या या हट्टाला हसणाऱ्यांच्या बाजूचा मी नाही. इंग्रजी ज्यांच्याकडे आहे तेच पुढे जातात हे त्याने पाहिलंय, आणि त्याचं निरीक्षण चुकीचं नाही. त्याला मातीचं माहात्म्य सांगत बसण्यापेक्षा पोराला सीताफळ खायला द्यावं, त्याने थुंकलेल्या काळ्याभोर बिया धुऊन दहा-दहाच्या ओळीत लावाव्यात आणि बापासमोर मोजायला लावाव्यात. मराठीत, माडियात, मग हवं तर इंग्रजीतही. बापाला मोजणं दिसतं. फळ कोणतं होतं याला तो मग आक्षेप घेत नाही.

रानातलं सगळंच अंगणवाडीत आणण्याजोगं नसतं, हेही सांगितलं पाहिजे. लाल-काळी गुंज मुलांना सगळ्यांत जास्त आवडते, आणि तिची चावलेली बी जिवावर बेतू शकते. ती वर्गात नकोच. धानाचा दाणा, वाटाणा नाकात-कानात जातो, म्हणून तीन वर्षांच्या आतल्यांना बियांच्या खेळातून वेगळं बसवावं आणि त्यांच्या हातात सागाची फुगीर फळं द्यावीत. ती मोठी, हलकी, दाबली की कागदी आवाज करणारी. तणसाच्या ढिगात मण्यार, घोणस असते. पाऊस ओसरल्यावर जिल्ह्यात हिवताप वाढतो. निसर्गसहल म्हणजे रानात जाणं, असा शहरी समज इथे वाघामुळे टिकत नाही. गावाच्या कडेपर्यंतच जायचं. आणि आष्टी-आलापल्ली रस्त्यावर सुरजागडचं लोहखनिज घेऊन ट्रक धावतात, त्यामुळे रस्त्यालगतच्या गावांतली मुलं लोंबी आणायला पलीकडच्या बांधीतही जाऊ शकत नाहीत. शरदातला सगळ्यांत मोठा धोका विचाराल तर मी वाघाआधी ट्रकचं नाव घेईन.

मार्गशीर्षापर्यंत जड धानही पुंजण्यात जातं, चुरणा होतो, आणि अंगणवाडीत जमलेल्या बिया, तुरे, ऐनाची पंखवाली फळं, काश गवताचे पांढरे झुपके यांचं करायचं काय, हा प्रश्न येतो. तुरे आणि गवत टाकून द्यावं, पुढच्या वर्षी ताजं मिळतं. बिया ठेवता येतात. सीताफळाच्या वर्षानुवर्षं टिकतात. धान ठेवायचं तर उन्हात कडक वाळवून, वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या धानाला सोंडे लागतात, आणि पिशवी तांदळाच्या पोत्याजवळ असेल तर उंदीर ती पौष लागायच्या आत संपवतात.